त्यातल्या त्यात

कोर्टाच्या कँटीनमध्ये तिच्या पाठीमागच्या बाकावर दोन मुलं बोलत होती, की ती आज मरणार.

"गेलीच ती आज," एक म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता. "तीसेक वर्षं जगली. खूप झालं."

"मारत नाहीत रे तिला. हातपाय तोडतील आणि नाव तेवढं ठेवतील. नेहमीचंच आहे."

"पैज?"

"चहाची."

आणि मग त्यानं तिचं नाव घेतलं. आडनावासकट. लग्नाआधीचं आडनाव, जे आता फक्त दादाच्या दारावरच्या पाटीवर आहे आणि कायद्याच्या पुस्तकांत आहे. तिच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. वळून बघावं असं वाटलं नाही. उलट मान खांद्यात ओढून घ्यावीशी वाटली, दुसऱ्याचं खासगी बोलणं आपल्या कानावर पडल्यासारखी. निकालाला माणसाचं नाव देतात आणि पुढे 'निकाल' म्हणायचाही कंटाळा करतात. 'ती असं म्हणते.' 'ती इथे लागू होत नाही.' 'ती जुनी झाली.' पूर्वी महिला संस्थेच्या बाईंबरोबर व्यासपीठावर बसायची तेव्हा वकिलांचं हे बोलणं कानावर यायचं आणि तिला हसू फुटायचं, की मी इथे खुर्चीत बसलेय आणि हे मला परिच्छेदांत शोधतायत. आज हसू आलं नाही. मुलं खरंच बोलत होती. वरच्या मजल्यावर, जेवणाच्या सुट्टीनंतर, दादाचा वकील कोर्टाला सांगणार होता की तो निकाल मुळातच चुकला. आणि तो कसा चुकला हे सांगायला दादानं साक्षात तिलाच बोलावलं होतं.

तिनं बशीत सांडलेला चहा कपात परत ओतला. दुकानात ती असं करत नाही, मालकाला आवडत नाही. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आधी यंत्राला हनुवटी टेकवायला सांगायची, मग गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल, रिकामी चौकट चढवायची आणि एकेक भिंग त्यात सोडायचं. समोर अक्षरं. पहिलं बरं की दुसरं? भिंग फिरवायचं. आता? पहिलं की दुसरं? चांगली धडधाकट माणसं या प्रश्नाला घाबरतात. बँकेतला साहेब असो की ट्रकवाला, घशाखाली आवंढा जातो, कारण आता चुकीचं बोललो तर चुकीचंच दिसत राहणार आणि दोष आपलाच असणार. काही चिडतात. "अहो बाई, दोन्ही सारखीच आहेत!" अशा वेळी काय म्हणायचं ते मालकानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणायचं, "त्यातल्या त्यात?" बस्स. त्यातल्या त्यात म्हटलं की माणूस उत्तर देतोच. आजवर एकही गिऱ्हाईक असं म्हणालं नाही, की तिसरं दाखवा. तिसरं भिंग पेटीत असतं, शेकडो असतात. मागायचं असतं हे कुणाला माहीत नसतं, आणि ती सांगत नाही, कारण बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली असतात.

प्रश्न: कुणाबरोबर जायचंय तुला? वडिलांबरोबर की याच्याबरोबर?

उत्तर: मला घरी जायचं नाही.

असं तिनं सांगितलं होतं. एवढंच. न्यायमूर्तींच्या आतल्या खोलीत, कोर्टात नव्हे, कारण न्यायमूर्ती दयाळू होते आणि मुलीनं सगळ्यांसमोर बापाविरुद्ध बोलायचं म्हणजे तिला जड जाईल असं त्यांना वाटलं. खोलीत फुलदाणी होती, तिच्यात कागदाची फुलं. ती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि आठवडाभर आधारगृहात काढून आली होती, शांतपणे विचार करता यावा म्हणून ठेवलं होतं तिथे, बाहेरून कुलूप लावून. त्याआधी घरी, तिथेही कुलूप. लग्न ठरलं होतं, नोकरी सोडवली होती, आणि दुकानांच्या एका गल्लीत विजेच्या मोटारींची वाइंडिंग भरणारा एक मुलगा तिला आवडत होता, त्याचे हात आवडत होते, तांब्याची तार गुंडाळताना बोटं कशी न बघता चालायची ते आवडत होतं. लग्न करण्याइतका आवडत होता का? तिला माहीत नव्हतं. ते कळायला थोडे दिवस हवे होते, एक खोली हवी होती, आणि कुणी विचारायला नको होतं. न्यायमूर्तींनी तिचं उत्तर ऐकलं, मान हलवली, आणि टंकलेखकाकडे वळून अगदी हळुवार आवाजात सांगितलं: अर्जदार सज्ञान असून याच्याबरोबर जाण्यास स्वेच्छेने तयार आहे. तिनं ते ऐकलं. तिला वाटलं, मोठी माणसं आहेत, घरी जायचं नाही याचा कायद्यात असाच अर्थ होत असेल. बाहेर संस्थेच्या बाई उभ्या होत्या, ज्यांनी तिच्या नावानं अर्ज केला होता. त्यांनी तिला छातीशी धरलं तेव्हा त्यांचे चष्मे एकमेकांत अडकले. महिन्याभरानं सविस्तर निकाल आला. फार सुंदर होता. सज्ञान माणसाची निवड ही त्याच्या जगण्यापासून वेगळी काढता येत नाही, घटनेनं दिलेलं स्वातंत्र्य बापाच्या उंबऱ्याशी थांबत नाही, अशी वाक्यं होती त्यात. आजही तिला पाठ आहेत. त्या वाक्यांच्या जोरावर नंतर किती मुली सुटल्या, बाई दरवर्षी सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं. त्यांतल्या एकीनं तिला एकदा समारंभात वाकून नमस्कार केला होता. तिनं पाय मागे घेतले होते. इमारत खरी होती, लोक तिच्यात राहत होते. फक्त पायाच्या दगडाला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, तू काय म्हणाला होतास.

"आलीस."

दादा. तिनं वर बघितलं आणि आधी वडीलच दिसले, मग त्यांच्यातून हळूहळू दादा बाहेर आला. कानांवर केस उगवले होते. त्यानं समोरची खुर्ची ओढली, पण बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"चहा घेतोस?"

"चहा प्यायला आलो नाही मी." मग बसला. "साखर बंद आहे माझी."

"बिनसाखरेचा मिळतो."

"असू दे." त्यानं टेबलावरचा ओला गोल बोटानं पुसला. "वकील म्हणतात, लिहून द्यायची गरज नाही. तू नुसतं आत येऊन बोललीस तरी चालेल. साहेब ऐकून घेणारे आहेत. दोन वाक्यं. की मी तेव्हा लहान होते, मला कळत नव्हतं, मला त्याचा पश्चात्ताप होतो. संपलं."

"मी बावीसची होते."

"माझी बिट्टीही बावीसचीच आहे. बावीसला काय कळतं? तुला काय कळलं?" त्याचा आवाज चढला, मग त्यानं तो खाली आणला, बापाचीच सवय, चढवायचा आणि चारचौघांत आहोत हे आठवून उतरवायचा. "हे बघ, माझ्यासाठी नको करू. तिच्यासाठी कर. तो मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट! वर-खाली, वर-खाली. उद्या तिचंही तेच होणार जे तुझं झालं."

"माझं काय झालं?"

मागच्या बाकावरची मुलं उठून गेली. जाताना त्यांच्या नव्या कोटाच्या इस्त्रीचा वास आला.

"मला कळत नव्हतं असं समजू नको," दादा म्हणाला. "सगळं कळत होतं."

याची तिला अपेक्षा नव्हती. इतकी वर्षं तिनं एक गोष्ट सांभाळली होती, की माहेरी कुणाला माहीत नाही. माहीत नाही म्हणून येत नाहीत. एकदा ती गेली होती. भर दुपारी, मनगट सुजून दंडाएवढं झालेलं, ओढणीत गुंडाळलेलं. दारावर पाटी होती, तिचं आडनाव होतं, आणि आत कुणीतरी उभं आहे हे दाराच्या फटीतल्या सावलीवरून कळत होतं. तिनं हाक मारली नाही, नुसती कडी वाजवली. समोरच्या घरातली बाई वाळत घातलेले कपडे पुन्हापुन्हा झटकत होती. मग आतून वडिलांचा आवाज आला, दारालाच सांगितल्यासारखा: साऱ्या कोर्टासमोर निवडलंस ना? सावली हलली नाही. ती सावली आईची असेल असं ती आजवर धरून चालली होती.

"तू होतास आत?" तिनं विचारलं.

"कधी?"

"जाऊ दे."

तिथून ती संस्थेत गेली होती. बाईंनी डॉक्टरकडे नेलं, पट्टी बांधून आणली, रडल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, बघ, मी तुला अडवणार नाही. पण एक लक्षात घे, तुझ्याकडे सगळ्या बघतात. ते टपून बसलेत. तू सोडून आलीस की दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाप कोर्टात तुझंच नाव घेऊन उभा राहील. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं ते बरोबरच होतं. तिकडे दार, इकडे मुली, आणि घरी तो, जो तोपर्यंत शांत झाला होता, मोसंबी सोलून ठेवत होता, आणि हसून म्हणत होता, कुठे जाणार? कोर्टानं दिलीय मला तू. पावती आहे. हा विनोद त्यानं आयुष्यभर केला. पाहुण्यांसमोर, दुकानात, तिच्या ऑफिसात म्हणजे चष्म्याच्या दुकानात मालकासमोर सुद्धा. "लोकांना बायको सासरा देतो, मला सरकारनं दिली. परत घेत नाहीत, विचारून बघितलं." सगळे हसायचे. विनोद चांगलाच होता. समारंभात दोघांना शेजारी बसवायचे, फोटो काढायचे, आणि फोटोत त्याचा हात तिच्या खांद्यावर असायचा, त्याच हाताची बोटं, न बघता चालणारी. पुढे मारणं थांबलं. वय झालं, दम लागायला लागला. आता तो फक्त विचारतो. कुठे चाललीस, कधी येणार, कुणाला विचारून. आणि ती सांगते. आज सांगून आली होती, की दादानं बोलावलंय, कोर्टात. तो म्हणाला होता, "जा. पण मला विचारल्याशिवाय कुठे सही करू नको."

दादानं घड्याळाकडे बघितलं. "चल."

जिन्यात कोर्टातला शिपाई भेटला. मुलीला आतल्या खोलीशेजारी बसवलंय, साहेब सुट्टीनंतर आधी तिच्याशी बोलणार, मग बाकीचं. दादाला त्यानं बाहेर थांबवलं. "आईवडील नाही, वकील नाही. बाई कोण?" दादा म्हणाला, "आत्या." शिपायानं तिच्याकडे बघितलं, दाराशी स्टुलावर बसलेल्या महिला शिपायाकडे बघितलं. ती बिस्किटाचा पुडा फोडत होती. "आत्याला जाऊ दे," महिला शिपाई म्हणाली, "सकाळपासून पोरगी भिंतीशी बोलतेय. मी काही बोलले की 'हो मॅडम'. मॅडम कोण, मी काय शाळा चालवते?"

बिट्टी बाकाच्या टोकाला बसली होती, बाक रिकामं असूनही टोकाला. वर्षभरापूर्वी ती दुकानात आली होती. डोळे तपासायचेत म्हणाली. हनुवटी टेकवली, आणि यंत्राच्या पलीकडून तो एक डोळा, मोठा होऊन, ओला होऊन, म्हणाला, तुम्ही माझ्या आत्या ना? आम्हाला कॉलेजात तुम्ही आहात. घरी सांगत नाहीत, मी शोधून काढलं. नंबर शून्य निघाला, दोन्ही डोळे शून्य. तरी मुलीनं विचारलं होतं, कसं वाटतं हो आत्या, जिंकल्यावर? आणि ती म्हणाली होती, हलू नको, परत टेकव हनुवटी.

"आत्या." बिट्टीनं तिचा हात धरला. मुलीच्या मनगटाला आईच्या बांगड्यांचे वळ होते. काढून घेतल्या असाव्यात, घाईत. "बाबांनी बोलावलं ना तुला? तू त्यांच्या बाजूनं बोलणार?"

"नाही."

ते इतकं चटकन आलं, की तिलाच आश्चर्य वाटलं.

"मला माहीत होतं." मुलीनं दाराकडे बघितलं आणि आवाज कमी केला. "आत्या, तुला एक सांगू? हसू नको. तो चांगला आहे. खरंच आहे. त्यानं कर्ज काढून वकील दिलाय. पण त्या अर्जात लिहिलंय की आम्ही लगेच लग्न करणार. असं लिहिलं की केस पक्की होते म्हणे. मला आत्ता नाही करायचं लग्न. माझी परीक्षा राहिलीय. त्याला हे बाहेरच्या बाहेर सांगणार होते, पण भेटूच देत नाहीत. आणि आत गेल्यावर ते विचारणार, याच्याबरोबर की वडिलांबरोबर. मी काय सांगू?" तिनं हात सोडला, परत धरला. "मला फक्त घरी जायचं नाही."

बाहेर महिला शिपाई कुणाला तरी म्हणत होती, "घे की एक, पुड्यात चार उरली तर मोडतात."

तिच्या आत काहीतरी सरकलं. चौकटीत भिंग नीट बसलं नाही की जो बारीकसा आवाज येतो, तसं. तीच खोली, तीच फुलदाणी शेजारी असेल, तेच वाक्य. आता सांगता येईल. बोल: सांग त्यांना, की मला दोन्ही नको. सांग, प्रश्न चुकलाय. सांग, त्यातल्या त्यात म्हणतील, तेव्हा गप्प बस. तिचं तोंड उघडलंही. पण वाक्याच्या पुढे काय आहे ते तिला दिसत होतं, आणि ते दिसताना वाक्य मध्येच थांबलं: दोन्ही नको म्हटल्यावर मुलगी बाहेर पडते, जिना उतरते, फाटकापाशी येते. मग? डावीकडे की उजवीकडे? रस्त्यावर घटना असते का?

"जे आहे तेच सांग," ती म्हणाली. "आहे तसं. मी असेन तिथे."

"नक्की?"

"असेन."

दार उघडलं.

दोन न्यायमूर्ती होते, एक वयस्कर गृहस्थ आणि एक बाई. फुलदाणी नव्हती. टंकलेखकाच्या जागी संगणकावर बसलेली तरुण मुलगी होती. तिनं नखं अर्धीच रंगवली होती. वयस्कर न्यायमूर्तींनी कागद बघितला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, आणि तिचं नाव घेतलं, ते नाव, आणि खुर्चीतून किंचित उठल्यासारखं केलं.

"म्हणजे तुम्हीच का त्या! अहो, तुमच्यावर मी परीक्षेत पंधरा गुणांचं उत्तर लिहिलंय." ते शेजारच्या बाईंकडे वळले. "जिवंत व्यक्ती असते हे डोक्यातच येत नाही आपल्या."

"बसा," बाई म्हणाल्या.

ती बसली. मग त्यांनी सांगितलं, की मुलीच्या वडिलांच्या वकिलांनी विनंती केली आहे. त्यांचं म्हणणं असं, की त्या जुन्या प्रकरणात निवडीचा परिणाम काय झाला हे कोर्टानं त्या व्यक्तीच्याच तोंडून ऐकावं. "सक्ती नाही," न्यायमूर्ती म्हणाले, "पण तुम्ही आलाच आहात. तुमचा निर्णय बरोबर होता असं आज वाटतं तुम्हाला? सुखी आहात?"

संगणकाची बटणं थांबली. बिट्टी तिच्याकडे बघत होती, तोच डोळा, मोठा. हो म्हटलं असतं तर खोटं, आणि नाही म्हटलं असतं तर दादाचं. पहिलं की दुसरं. तिला आपल्या घशाखालून आवंढा जाताना कळला, गिऱ्हाइकांचा जातो तसा, आणि त्याबरोबर एक राग वर आला, जुना, इतका जुना की त्याला आता चेहराच नव्हता.

"हे विचारायचं नसतं, साहेब," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझा भाऊ स्वतःच्या मर्जीनं लग्न करून बसलाय. तो सुखी आहे का हे कुणी विचारलं? आणि नसला, तर त्याला परत बापाच्या ताब्यात देणार का? मी सुखी असले तरच मला जाऊ द्यायला हवं होतं, असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय का? मी वाचलंय ते. तसं नाही त्यात."

मग न्यायमूर्ती बाई हसल्या, मोकळं हसू नव्हे, पण हसल्या, आणि वयस्कर न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "प्रश्न मागे घेतो. वकील साहेबांचा मुद्दा संपला म्हणायचा." बस्स, एवढ्यात झालं. तिला वाटलं, आपण उभं राहिलो तर उंच असू. इतकी वर्षं त्या नावाच्या आत राहून जे सांगता आलं नाही ते सांगता आलं, आणि छत कोसळलं नाही. म्हणून ती पुढे बोलली. थांबायला हवं होतं का, हे ती नंतर स्वतःला विचारणार होती. "आणि आता तिलाही दोनच विचारू नका," ती म्हणाली. "वडिलांबरोबर की त्याच्याबरोबर, असं. तिला म्हणायचंय ते तिला म्हणू द्या."

"अवश्य." न्यायमूर्ती बिट्टीकडे वळले, आणि आवाज हळुवार झाला, अगदी त्या वेळच्या न्यायमूर्तींसारखा, हा आवाज यांना शिकवत असावेत. "बोल बाळ. घाबरू नको. तुला कुठे जायचंय?"

"मला घरी जायचं नाही," बिट्टी म्हणाली.

बटणं वाजली.

"आणि?"

"आणि त्याच्याबरोबरही आत्ता नाही. नंतर, कदाचित. मला परीक्षा द्यायचीय."

न्यायमूर्तींनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अडचण होती, कपाटात न मावणारी वस्तू हातात आल्यासारखी. "तू सज्ञान आहेस," बाई म्हणाल्या, "कुठेही जाऊ शकतेस. कोर्ट अडवणार नाही. पण बाहेर तुझे वडील उभे आहेत, सात-आठ नातेवाईक घेऊन. तू एकटी फाटकाबाहेर गेलीस आणि काही झालं, तर ते आमच्यावर येतं. तोपर्यंत आधारगृहाची सोय आहे. परीक्षा होईपर्यंत."

"तिथे बाहेरून कुलूप असतं," आत्या म्हणाली.

"सुरक्षेसाठी."

"हो. माहीत आहे."

बिट्टीचा चेहरा उतरला होता. मग तो एकदम उजळला, शाळेतल्या मुलीचा उत्तर आठवल्यावर उजळतो तसा. "मी आत्याकडे जाते," ती म्हणाली. "साहेब, मला आत्याकडे जायचंय. चालेल ना?"

"वा," न्यायमूर्ती म्हणाले. त्यांना खरोखरच बरं वाटलं, खुर्ची करकरली. "याहून चांगलं काय? नातं आहे, वयस्कर बाई आहेत, आणि..." ते हसले, "आणि खुद्द तुम्हीच आहात. काय हो, ठेवून घ्याल ना मुलीला? परीक्षेपुरतं. तशी नोंद करतो."

तिनं तोंड उघडलं. हो आत तयार होतं. ते तिला जिभेवर जाणवलं, गोल, छोटं. घरात मागची खोली होती. जळालेल्या मोटारी, तारेची भेंडोळी, वार्निशाचे डबे, पण खोली होती, खिडकी होती. आणि त्या खोलीच्या दारात तो उभा होता, कडीला हात लावून, अजिबात न रागावता, नुसता विचारत: कुणाला विचारून? त्याचा आवाजसुद्धा नव्हता. तिचाच होता. इतक्या दिवसांचा वापर झालेला, घासून मऊ झालेला तिचाच आवाज, जो तिनं विचार करायच्या आत बाहेर पडला, भाजीवाल्याला सांगावं इतक्या सहज:

"घरी विचारावं लागेल."

खोलीत कुणाच्या लक्षात आलं नाही. हेच नंतर तिला सगळ्यात जास्त आठवत राहिलं. न्यायमूर्तींनी समजूतदारपणे मान हलवली, साहजिक आहे, विचारायला हवंच. न्यायमूर्ती बाईंनी मात्र एक क्षण तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. संगणकावरच्या मुलीनं ते टाइप केलं नाही. ते नोंदीत घ्यायचं नव्हतं.

"फोन करून विचारता का?" न्यायमूर्ती म्हणाले. "थांबतो आम्ही पाच मिनिटं."

तिनं पिशवीत हात घातला. फोन हाताला लागला. तो तिथेच राहिला, हातही.

बिट्टी तिच्याकडे बघत होती. दोन्ही नंबर शून्य असलेले डोळे, चष्म्याची गरज नसलेले. त्यांना सगळं दिसतं. मुलीनं तिच्या हाताकडे बघितलं, जो पिशवीतून बाहेर येत नव्हता, मग तिच्या चेहऱ्याकडे, मग मनगटाकडे, जे जरासं वाकडं जुळलं होतं. कॉलेजात हे नव्हतं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. मोठं होणं होतं, डोळ्यांदेखत, घाईघाईनं.

"बरं बाळ," न्यायमूर्ती म्हणाले, अगदी मायेनं, "आत्यांची अडचण दिसतेय. मग जे आहे त्यात बघू या. आधारगृह, वडील, किंवा तो मुलगा. त्यातल्या त्यात?"

"त्याच्याबरोबर," बिट्टी म्हणाली.

बटणं वाजू लागली. सज्ञान. स्वेच्छेने.

बाहेर व्हरांड्यात आधी गलका झाला, मग पांगला. दादा जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, आणि ती बाजूनं गेली तेव्हा आखडून जागा दिली, अनोळखी बाईला देतात तशी. फाटकाजवळ लिफ्टवाला मुलगा होता, सडपातळ, शर्ट नवा, घडीच्या रेघा तशाच. तो पोलिसांच्या मधून बिट्टीकडे आला आणि आनंदानं काय करावं न सुचून त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. त्याचे हात चांगले होते. बिट्टीनं मागे वळून बघितलं नाही. आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली आणि डोक्यात खोली आवरू लागली. मोटारी माळ्यावर जातील. तार भंगारवाला नेईल, तोच कधीपासून मागतोय. खाट खिडकीला लावली तर टेबलालाही जागा होते, दिवा डावीकडून. वार्निशाचा वास दोन दिवस राहील, मग जाईल. एका दुपारचं काम. पिशवीत फोन वाजायला लागला. तिनं बघितलं नाही, कुणाचा ते माहीत होतं. तो वाजत राहिला आणि ती पडदा मोजत राहिली.

मागून ती दोन मुलं धडधड जिना उतरत आली, काळे कोट उडवत.

"काय सांगत होतो? वाचली!" एक ओरडला. "अख्खीच्या अख्खी. एक ओरखडा नाही. काढ चहा."

आणि तिला चुकवून, माफ करा हं आजी, म्हणत दोघं कँटीनकडे वळले.